तिसरा दगड

माझा मामा घोड्यावरून जंगल राखायचा. तसं राखणारे आमच्या भागात एकूण चौदा जण होऊन गेले. तेरा गेले, मामा आहे. वय चौऱ्याऐंशी. ऐकू येतं, पण सोयीचं तेवढंच. घोडे बंद झाल्यावर त्याने लाकडाच्या आगारात फाटकावर सत्तावीस वर्षं नोकरी केली. घोड्यावर होता फक्त अकरा वर्षं. तरी लोक त्याला ‘स्वार’च म्हणतात. फाटकवाला कोणी म्हणत नाही.

मी सुतार. वनखात्याच्या दुरुस्ती टोळीत एकतीस वर्षं काम केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा खात्याच्या नव्या अधिकारीबाईंनी मला बोलावणं धाडलं.

कचेरीत त्यांच्या टेबलावर मेणकापडात गुंडाळलेलं एक जुनं बाड होतं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, डोंगरावर दोन पडक्या चौक्या आहेत. तुम्ही पाहिल्यात?"

"दोन्हींच्या छपरांना हात लागलाय माझा."

"त्यातली एक शंभर वर्षांपूर्वीची. इथल्या पहिल्या स्वाराने स्वतः बांधलेली. ती दुरुस्त करून लोकांना बघायला खुली करायची आहे. मंजुरी एकीपुरतीच आहे. दुसरी उतरवायची आणि तिचं लाकूड पहिलीला वापरायचं. पण पहिली कोणती, तेच कळत नाही."

"वरची," मी म्हणालो. "माझा मामा राहायचा ती. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुमच्या घरात ठाऊक असून भागत नाही ना."

कोपऱ्यातून कारकून म्हणाला, "वरची तबेला असेल हो. घोडा वर, स्वार खाली."

हे वाक्य मी घरी जाऊन मामाला सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे अकरा वर्षं मी तबेल्यात राहिलो?" मामा म्हणाला. "तुझी मामी तबेल्यात नांदली?"

"थट्टा केली रे त्याने."

"थट्टा त्याच्या बापाची करावी म्हणावं. चल, मला ने कचेरीत."

मामेबहीण आतून म्हणाली, "दादा, त्यांना कुठे नेऊ नकोस. परवाच चक्कर आली होती."

"ती भूक होती," मामा म्हणाला आणि काठी शोधू लागला. काठी त्याच्या हातातच होती.

बाड म्हणजे पहिल्या स्वाराची रोजची वही होती. सुरुवातीची काही पानं गेलेली. उरलेल्यात कामाची ओळ एकच: ‘झऱ्यापासून चौकी, सहाशे वीस.’ बाकी त्याने लिहिलेलं मोठं झाड, ओढ्याचा उतार, मेंढपाळाची झोपडी, यातलं आज काहीच जागेवर नाही. झरा आहे. आणि चौक्या दोन आहेत.

सहाशे वीस म्हणजे काय, हे बाईंना माहीत नव्हतं. मामाने सांगितलं. सांगताना तो खुर्चीत ताठ झाला.

त्या काळी स्वाराकडे मोजायची साखळी नसायची. घोडा हेच माप. चालत्या घोड्याचा डावा पुढचा पाय टेकला की एक. पुन्हा तोच टेकला की दोन. शंभर झाले की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. मोजणी चालू असताना कोणी भेटलं तर बोलायचं नाही, हात वर करायचा आणि पुढे जायचं. त्यामुळे स्वार फार शिष्ट असतात असा लोकांचा समज होता. मामाचे खिसे खड्यांनी कायम फाटलेले. मामी म्हणायची, मी नवऱ्याच्या घरात नाही, नवऱ्याच्या खिशात नांदते.

पण सगळे घोडे सारखी टांग टाकत नाहीत. त्यासाठी नियम होता. स्वाराला नवा घोडा मिळाला की आधी तो मोजायचा. कचेरीसमोरच्या रस्त्यावर दोन खांब होते, त्यांच्यातलं अंतर साखळीने मोजलेलं. त्या खांबांमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोडा चालवायचा. रिकामा चालवायचा, ओझ्यासकट चालवायचा, दमल्यावर पुन्हा चालवायचा. सरासरी काढायची आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. काम एका दिवसाचं, कंटाळवाणं. पण ते केल्याशिवाय पुढचं एकही माप खरं नाही.

पहिल्या स्वाराच्या वहीचं नेमकं तेच पान गेलेलं. बाईंनी दोन्ही चौक्यांची अंतरं टेपने मोजून ठेवली होती. झऱ्यापासून वरची एकतीसशे फूट. त्याच वाटेने पुढे उतरलं की खालची, सदतीसशे वीस फूट. पहिल्या स्वाराचा घोडा एका टांगेत पाच फूट जात असेल, तर त्याची चौकी वरची. सहा फूट जात असेल, तर खालची. हिशोब एवढाच.

"पाच," मामा म्हणाला.

"आजोबा, नक्की?"

"मी वाचलंय ते पान. पहिल्या वर्षी मला हीच वही दिली होती, वाट समजावी म्हणून. पहिल्या पानावर पाच फूट. शाईने लिहिलेलं."

बाईंनी लिहून घेतलं. शुक्रवारी जबाबाचा कागद तयार होईल, त्यावर मामाने सही करायची, असं ठरलं. त्या सहीवर खालची चौकी उतरणार होती आणि मामाची राहणार होती. मला दोन कामं मिळाली. दोन्ही चौक्यांच्या लाकडाची यादी करायची, आणि मामाने त्याच्या काळात रोवलेले हद्दीचे तीन दगड शोधून त्यांना चुना लावायचा, येणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. दगडांची अंतरं लिहून द्यायची.

निघताना मामा कारकुनाच्या टेबलापाशी थांबला.

"तबेल्यातून आलो होतो," तो म्हणाला. "येतो."

मामा बावीस वर्षांचा असताना खात्यात लागला. घोड्यावर बसता येतं का, असं साहेबाने विचारलं. मामा हो म्हणाला. तोवर तो बैलगाडीखेरीज कशावर बसला नव्हता. त्याला एक तांबडी घोडी दिली. लहानखुरी, आणि स्वभावाने अशी की पहिल्याच दिवशी तिने हेडक्लार्कच्या दंडाला चावा घेतला. मामा म्हणतो, त्यामुळे कचेरीत दोघांचंही वजन वाढलं.

फेरी पाच दिवसांची. खोगिराच्या एका बाजूला कुऱ्हाड आणि दोर, दुसऱ्या बाजूला पीठ, मीठ आणि वही. वणवा दिसला तर ओली पोती घेऊन एकट्याने विझवायचा. न विझला तर घोडी पिटाळत माणसं आणायची. लाकूडचोर दिसला तर धरायचा. अकरा वर्षांत त्याने तीन चोर धरले आणि त्यातला एक सोडला. का सोडला म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"मोळी फार सुरेख बांधली होती त्याने," मामा म्हणाला. "ती सोडायला लावायची म्हणजे जिवावर आलं."

मामी वरच्या चौकीत राहायची. एक खोली, एक खिडकी, पुढे ओटा. मामेबहीण तिथे चालायला शिकली. पाचव्या दिवशी संध्याकाळी घोडीच्या नालांचा आवाज आला की मामी पाणी तापत ठेवायची. बरोबर किती वेळात तापतं आणि मामा किती वेळात पोचतो, हे तिला खडे न मोजता कळायचं.

मामाचं नोकरीतलं पहिलं मोठं काम म्हणजे ते तीन दगड. आमच्या बाजूचं जंगल खिंडीपाशी सुरू होतं. खिंडीपासून वाटेच्या कडेने दर तीन हजार फुटांवर एक दगड रोवायचा, असा हुकूम होता. तिसऱ्या दगडाला जंगल संपतं. एकेक दगड उचलायला चार माणसं लागावीत असा. मामाने ते लाकडी घसरगाडीवर चढवून घोडीला ओढायला लावले, आणि खड्डे एकट्याने खणले. मुरुमाच्या जमिनीत तीन तीन फूट. अशा जमिनीत मी खांबांसाठी खड्डे खणलेले आहेत. दिवसाला एक झाला तर माणूस रात्री हात वर करून जेवू शकत नाही. हे काम कसं झालंय, ते बघायची मला उत्सुकता होती.

मंगळवारी मी डोंगरावर गेलो. पहिला दगड सापडला. झुडूप तोडलं, ओळंबा लावला. साठ वर्षांनी तो दगड केसभर कललेला नव्हता. मी जवळ कोणी नसताना ‘वा’ म्हणालो. दुसरा दगड झऱ्याच्या थोडा पुढे. तोही तसाच.

तिसरा सापडेना. माझ्याकडे शंभर फुटी पोलादी टेप होता. दुसऱ्या दगडापासून खुंट्या मारत तीस टेप मोजले. वरची चौकी मागे पडली, खालचीही मागे पडली. तीन हजार फूट भरले तिथे काही नव्हतं. पन्नास पावलं चारी बाजूंना कोयत्याने साफ केली. अर्धा दिवस गेला. वाटलं, दगड कोणी उचलून नेला. पण चार माणसांचा दगड कोण कशाला नेईल. वाटलं, मी टेप मोजायला चुकलो. टेप मी चुकत नाही, तरी बुधवारी परत मोजले. तीसच.

मग उलटं केलं. सापडलेल्या दोन दगडांमधलंच अंतर मोजलं. पंचवीस टेप.

तिथे खाली बसलो. पहिल्या आणि दुसऱ्या दगडात तीन हजार फूट पाहिजेत, पंचवीसशे आहेत. खिंडीपर्यंत मागे चालत गेलो आणि पहिलंही मोजलं. पंचवीसशे. मग दुसऱ्यापासून पंचवीस टेप पुढे गेलो. घाणेरीच्या जाळीत, वीतभर मातीखाली, तिसरा दगड. सरळ उभा. दोन्ही चौक्यांच्या मध्ये.

चुना लावता लावता डोकं चालवलं. माझं डोकं हाताने काम चालू असतानाच चालतं. तिन्ही दगड सारख्याच अंतराने अलीकडे आहेत, म्हणजे मोजताना झोप लागली असं नाही. मोजणी बरोबर आहे, मापच लहान आहे. मामाची घोडी लहानखुरी. ती पाच फूट टाकत असेल, तर पंचवीसशे फुटांत पाचशे टांगा झाल्या. आणि मामाने पाचशे टांगांना तीन हजार फूट धरले. म्हणजे त्याने टांग सहा फुटांची धरली.

सहा हा आकडा त्याला कुठून मिळाला?

घोडी मोजली असती तर पाच मिळाला असता. सहा मिळायची जागा एकच होती. जुन्या वहीचं पहिलं पान.

ब्रश डब्यात तसाच राहिला आणि वाळला. नवा ब्रश होता.

गुरुवारी दुपारी मामाकडे गेलो. तो दारात बसून चाकूला धार लावत होता.

"सापडले दगड?" त्याने विचारलं.

"तिन्ही. जराही कललेले नाहीत."

"कलतील कसे. तीन फूट खाली आहेत."

"पण अंतर पंचवीसशे आहे, मामा."

"कुठलं?"

"तिन्ही. तीन हजार पाहिजे, पंचवीसशे आहे."

"तुझा टेप ताणलेला असेल."

"पोलादी आहे."

चाकू दगडावर फिरत राहिला.

"एका दगडाला किती मोजायचास तू?" मी विचारलं.

"पाचशे," तो लगेच म्हणाला. "पाच सक तीस. पाचशेचे तीन हजार." मग चाकू थांबला. त्याने पुन्हा पुटपुटून पाहिलं, "पाच सक तीस," आणि माझ्याकडे बघितलं. त्याला जेवढा वेळ लागला तेवढाच मलाही डोंगरावर लागला होता.

"म्हणजे पान सहाचं होतं," मी म्हणालो.

"पाचाचं. डोळ्यासमोर आहे माझ्या. सहा खोडलेलं, वर पाच."

"पहिल्या स्वाराने स्वतःचं सहा कशाला खोडलं असेल?"

मामाने चाकू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ते माझ्या वहीत असेल."

मामाच्या वह्या कचेरीत वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे पडताळायला काही नाही. त्याने सांगितलं ते असं. घोडी त्याने मोजलीच नव्हती. जुन्या वहीतला सहा आपल्या वहीत उतरवला आणि दगड रोवले. साहेबाने कागद पाहून शेरा मारला, उत्तम. वर्षाने नालबंद घोडीचे नाल बदलायला आला. वही उघडी होती. तो वाचून इतका हसला की हातोडा खाली पडला. म्हणाला, ही सहा फूट टाकते? मग हिला पंख लावू का नाल लावू? तेव्हा मामाने गुपचूप घोडी मोजली. पाच भरली. वहीतला सहा खोडून पाच केला. दगड तसेच ठेवले.

"का नाही मोजलीस आधी?"

"लंगडत होती ती."

मामेबहिणीने चहा आणला. चहा पिताना मामा आपणहून म्हणाला, "खांब उखडले होते तेव्हा. रस्त्याचं काम चाललं होतं. कशात मोजणार?"

"मगाशी लंगडत होती म्हणालास."

"लंगडतही होती."

मी उठलो तेव्हा त्याने माझी बाही धरली. "तुझी मामी त्या दिवशी पहिल्यांदा वर आली. जमीन ओली होती. मी फळ्या टाकत बसलो दिवसभर."

त्या फळ्या मी पाहिल्या आहेत. एकेका फळीला अकरा अकरा खिळे. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

"तिन्हींतलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"तिन्ही असतील," मामा म्हणाला. "एकाच दिवशी सगळं होत नाही का?"

खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पान त्याने पाहिलं होतं. दोन पानं पाहिली होती, आणि साठ वर्षांत ती एकमेकांना चिकटली. पण चिकटताना त्याच्या सोयीची बाजू वर आली, हेही तितकंच. मी किती रागवायचं ते मला ठरवता येईना.

"शुक्रवारी सही केलीस तर पहिल्या स्वाराची चौकी उतरणार," मी म्हणालो.

"नाही केली तर?"

"तुझी."

"तू सांगणार आहेस का बाईंना?"

"दगडांची अंतरं लिहून द्यायचीत मला. ते माझं काम आहे. त्यावरून त्यांना कळेलच."

"मग मला कशाला विचारतोयस?"

मी सायकल काढली आणि घरी आलो.

शुक्रवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून तयार होता. कचेरीत बाईंनी छापील कागद पुढे ठेवला, पेन उघडून दिलं. मामाने पेन परत टोपणात घातलं.

"बदलायचंय," तो म्हणाला. "पान सहाचं होतं. पहिली चौकी खालची."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अंतरांचा कागद पुढे सरकवला. मामाने सगळं सांगितलं, घोडी न मोजल्यापासून नालबंदापर्यंत. या वेळी कारण एकही दिलं नाही. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: "...घोडी मोजण्याचे चुकून राहून गेले."

"चुकून नाही," मामा म्हणाला. "मला करायचं होतं, ठाऊक होतं, आणि केलं नाही. कंटाळा केला असं लिहा."

कारकून म्हणाला, "आजोबा, सरकारी कागदावर कंटाळा लिहीत नाहीत."

"मग सरकारात काय म्हणतात त्याला?"

कारकुनाने खरंच विचार केला. "विलंब," तो म्हणाला.

बाईंनी ‘कंटाळा’ लिहिलं. मामाने सही केली. सही वाकडी आली, म्हणून त्याने खाली दुसरी केली. तीही वाकडीच होती. मला त्याच्याकडे बघवेना. आता वरची चौकी मलाच उतरवायला लागणार, हे दोघांनाही कळत होतं. टोळीत माझ्याशिवाय जुन्या लाकडाची सांधेजोड कोणाला येत नाही.

बाई माझी अंतरं नकाशावर मांडत होत्या. मांडली, खोडली, परत मांडली.

"मिस्त्री, हा तिसरा दगड नक्की कुठे?"

"दोन चौक्यांच्या मध्ये. वरच्या चौकीच्या चारशे फूट पुढे, खालचीच्या दोनशे वीस अलीकडे."

"पण नकाशात तो खालच्या चौकीच्या कितीतरी पुढे आहे."

"नकाशा कागदावरून काढला असेल. दगड मातीत होता. कोणी बघितला नसेल."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग कपाळ चोळलं. त्यांनी जे सांगितलं ते मला दोनदा ऐकायला लागलं. हद्द नकाशावर नसते, दगडावर असते. कायद्याने जिथे दगड उभा, तिथे जंगल संपलं. दगडाच्या पलीकडची जमीन शेजारच्या फळबागवाल्याची. म्हणजे पहिल्या स्वाराची चौकी खात्याची नाहीच. तिथे खिळाही मारता येणार नाही, आणि तिची फळीही काढता येणार नाही.

"मग दुरुस्त कुठली करायची?" मी विचारलं.

"वरची. आपल्याकडे तीच आहे." बाई मामाकडे वळल्या. "पण ती पहिली नाही. आणि मंजुरी पहिलीची आहे. पाटीवर काय लिहायचं, मला कळत नाही."

"दगड हलवा," मामा म्हणाला. "कुठे पाहिजे ते मी दाखवतो. दोन दिवसांचं काम आहे."

"आजोबा, साठ वर्षं तो तिथे आहे. आता हलवला तर बागवाला कोर्टात जाईल."

"चुकीच्या जागी आहे तो."

"आहे. पण आहे तिथे आहे."

मामाने हे दोनतीनदा मनात फिरवलं असावं. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने नमस्कार केला आणि उठला. कारकून दार उघडायला उठला. तो काही थट्टा करील असं वाटलं होतं. "सावकाश," एवढंच म्हणाला.

कचेरीच्या पायऱ्या उतरून आम्ही रस्त्याला लागलो. मामा हळू चालत होता. मी सायकल हातात धरून त्याच्या बाजूला.

"म्हणजे घर राहिलं?" त्याने विचारलं.

"राहिलं."

"कशामुळे?"

"दगड चुकला म्हणून."

तो थोडा चालला. "आणि मी घोडी मोजून दगड बरोबर लावला असता, तर?"

"तर खालची चौकी हद्दीत आली असती. तुझी उतरवली असती."

मामा थांबला. काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मग भाच्या, ते काम मी चांगलं केलं की वाईट?"

एकतीस वर्षं मी माणसांना या प्रश्नाचं उत्तर तोंडावर दिलं आहे. विचार करायला कधी लागला नाही. फळी बसली तर चांगलं, नाही बसली तर वाईट, आणि परत कर. मी डोंगरावरचे तिन्ही दगड आठवून पाहिले, तीन तीन फूट खाली, केसभर न कललेले.

"वाईट," मी म्हणालो.

"हं," मामा म्हणाला. त्याला हे उत्तर पटलेलं दिसलं. पण चेहरा सैल झाला नाही, आवळलाही नाही.

"घर मात्र राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं."

मागून ट्रक आला आणि हॉर्न वाजवून बाजूने गेला. आम्ही तिथेच उभे होतो. तो माझी वाट बघत होता, मी त्याची. आधी कोणी चालायचं ते दोघांनाही कळेना.